ठाणे ०

माझा बाप कोपरीपासून कसाऱ्यापर्यंत
किलोमीटरचे दगड रंगवायचा.
डोकं पिवळं, अंग पांढरं, अक्षरं काळी.
पाऊस सरला की सायकलला दोन डबे टांगून निघे
आणि दिवाळीच्या तोंडावर परतला की
कानामागे एक पिवळा ठिपका घेऊन येई.
आई तो रॉकेलने पुसायची, चिडून.

दर पाचव्या दगडावर आग्रा यायचं.
जागा पुरत नसे, म्हणून तो
शेवटचा काना आधी ओढून घ्यायचा,
मग उरलेल्या जागेत बाकीचं गाव बसवायचा.
मी एकदा विचारलं, आग्रा कसं आहे?
"मना काय ठाव," म्हणाला,
"दर दगडाला येक कमी व्हतं, यवडंच."

घाट चढायला लागला की त्याचा सेक्शन संपे.
पुढचे दगड नाशिकच्या पेंटरचे.
त्या माणसाला तो कधी भेटला नाही,
पण शिवेवरून दिसणारा त्याचा पहिला दगड बघून
दरवर्षी म्हणायचा,
फार रंग पाजतो, ओघळ येतात.

मग रस्ता सरकला.

आधी तो बाळकुम, कशेळी, काल्हेर करत
भिवंडीच्या पोटातून जायचा, मागांच्या खटखटीतून.
साकेतला खाडीवर पूल पडला
आणि महामार्ग कागदावरून उचलून पलीकडे ठेवला,
झोपलेलं पोर एका खाटेवरून
दुसऱ्या खाटेवर ठेवावं तसा.
रस्त्यालाही जाग आली नसावी.
कशेळीतल्या दगडांची पिवळी डोकी
तशीच राहिली दोनेक वर्षं.
पिवळं म्हणजे राष्ट्रीय; हे आता राष्ट्रीय नाही,
हिरवी करून टाका, साहेब म्हणाले.
पिवळ्यावर हिरवा एका हातात बसत नाही.
दोन हात दिले त्याने, काही दगडांना तीन.
त्या रात्री जेवला नाही.
आईला वाटलं, ऊन लागलं.

पुढे नंबरही बदलला, पण तेव्हा तो नव्हता.
पडघ्याच्या ढाब्यावर अजून तीन नंबरच म्हणतात.

मी बोर्ड लावतो.
हिरवे, हेडलाइट पडला की पेटणारे.
अक्षरं आम्ही काढत नाही,
ती कापलेली येतात, आम्ही चिकटवतो.
काना मावतो. सगळं मावतं.

गेल्या मार्गशीर्षात, रात्री अडीचला,
मानकोलीच्या अलीकडे कमानीवर चढून
'ठाणे ७' लावत होतो.
खाली न्हावाशेव्याला निघालेले कंटेनर
इंजिनं चालू ठेवून तुंबलेले.
अश्फाक, भिवंडीचा, नवाच लागलेला पोरगा,
टॉर्च धरून म्हणाला,
"सात कुठून मोजायचे, दादा?
ठाणं तर पूल उतरला की सुरूच होतं."

कुठून.
माजिवड्याच्या नाक्यावर एक दगड होता.
त्यावर फक्त गावाचं नाव आणि शून्य.
बाप ते शून्य डालड्याच्या झाकणाभोवती ब्रश फिरवून काढायचा.
झाकण जपून ठेवलेलं; आईने एकदा
त्यात मीठ काढलं तर केवढा तमाशा.
उड्डाणपुलाच्या खांबांसाठी खणलं तेव्हा
बाप निवृत्त होऊन चार वर्षं झालेली.
दगड मागायला गेला.
मुकादम म्हणाला, उद्या या, क्रेन आहे उद्या.
उद्या गेला तर तिथे काँक्रीट ओतलेलं,
वर ओली गोणपाटं,
आणि एक बाई पाइपने पाणी मारत उभी.
थोडा वेळ तोही उभा राहिला.
मग पाइपला पीळ पडला होता
तो सोडवून दिला तिला, आणि आला.

"नाक्यावरून मोजतात," मी अश्फाकला म्हटलं.
"कुठल्या नाक्यावरून?"
"टॉर्च नीट धर."

सातच्या पोटात हवेचा फुगा अडकला होता.
अंगठ्याने दाबत दाबत
तो कडेपर्यंत नेला
आणि सोडला.